अप्पांची जमीन उशिरा उठायची

जागा दाखवताना अप्पांनी भाड्याची गोष्ट काढलीच नाही. आधी माझ्याकडं बघून विचारलं, "साबण कुठला लावता?"

मी नवी नवरी. सांगलीकडून धारवाडात येऊन अजून सामानही उघडलं नव्हतं. परक्या पुरुषानं असला प्रश्न विचारावा, आणि तोही कसल्या पुरुषानं, तर डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट आणि पाय अनवाणी, घोट्यापर्यंत मातीनं भरलेले! मी आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. हे हायस्कुलात गणित शिकवायचे. समोरून प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच ह्यांना ठाऊक. ह्यांनी साबणाचं नाव सांगून टाकलं. अप्पांचा चेहरा पडला.

"मग जमणार नाही," ते म्हणाले. "तुमच्या न्हाणीचं पाणी माझ्या केळीला जातं. केळीला साबण सोसत नाही."

तेवढ्यात आतून एक ठेंगणी, गोरीपान बाई पदराला हात पुसत आली. त्या अक्का, अप्पांच्या पत्नी. "अहो, माणसं उन्हातनं आलीत, आधी बसा तरी म्हणा," असं नवऱ्याला म्हणून त्यांनी मला बाजूला घेतलं. "हो म्हण गं पोरी. शिकेकाई मी देते. जागा चांगली आहे. माणूसही वाईट नाही. फक्त असा आहे."

मी हो म्हटलं. तो 'असा' कसा, हे बघण्यात मग माझी कितीतरी वर्षं मजेत गेली, आणि आता म्हातारपणी कुणी विचारलं तर अजूनही मला धड सांगता यायचं नाही.

अप्पा कोर्टात शिरस्तेदार होते. मूळचे कलघटगीचे. सगळी नोकरी बदल्यांमध्ये गेली आणि पेन्शन घेतल्यावर त्यांनी धारवाडच्या कडेला, मळ्यांना लागून, हे घर बांधलं. घर बेताचं, आवार मोठं. पेरू, रामफळ, शेवगा, कढीपत्ता, मोगऱ्याची आळी, भाजीचे वाफे. मागच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या. कोर्टाची भाषा काही तोंडातून गेली नव्हती. वांग्याला कीड लागली की "फिर्याद आली," म्हणायचे. पाऊस लांबला की "तहकूब झालं."

आवाराचा कायदा एकच होता. आतलं काही बाहेर जायचं नाही. भाज्यांची सालं, चुलीची राख, तांदळाचं धुवण, फणीत अडकलेले केससुद्धा. केस नारळाला! पहिल्याच आठवड्यात मी काकडीची सालं कुंपणापलीकडं भिरकावली. जरा वेळानं बघते तर अप्पा रस्त्यावर ओणवे होऊन ती एकेक उचलताहेत आणि जाणारे-येणारे थांबून बघताहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र आत येऊन शांतपणे म्हणाले, "मास्तरीणबाई, ही आपली आहेत. वाट चुकली होती."

माणसांशी अप्पा मराठी बोलायचे आणि जमिनीशी कानडी. होय, जमिनीशी. पहाटे उठून, खाली वाकून, "एनव्वा, एद्दीयेन?" म्हणजे काय बाई, उठलीस का? मी एकदा धीर करून विचारलं, "अप्पा, कानडीच का?"

"ती इथली आहे. तिला मराठी कुठून कळणार?" ते म्हणाले, आणि माझ्या अडाणीपणाची त्यांना मनापासून कीव आल्याचं दिसत होतं.

माघ लागला की आमच्या गल्लीत सकाळी सकाळी धूर व्हायचा. झाडांची पानं गळायची, बायका झाडून ढीग करायच्या आणि काडी लावायच्या. घरोघरी हीच रीत. अप्पा कोट-रुमाल चढवून, डोक्यावर भलीमोठी पाटी घेऊन निघायचे आणि दारोदार पाचोळा मागायचे. पेन्शनर शिरस्तेदार, आणि पाचोळा मागतोय! शेजारी एक वकील राहायचे, गमत्या माणूस. ते ओट्यावरून म्हणाले, "काय अप्पा, पेन्शन पुरेना होय?"

"वकीलसाहेब, तुम्ही पुरावा जाळताय," अप्पांनी पाटी खाली ठेवत सांगितलं. "झाड वर्षभर काय जेवलं, त्याचा सगळा पुरावा आहे हा. कलम लागेल."

वकील पोट धरून हसले आणि ढीग देऊन टाकला. द्यायचे सगळेच. हसायचेही सगळेच.

होळीला तिकडं कामण्णा, म्हणजे मदनाचा पुतळा, बसवतात आणि मग जाळतात. गल्लीतले तरुण हलगी वाजवत जळण गोळा करत फिरतात आणि त्या दिवसांत कुणाची काटकी, कुणाची मोडकी फळी, काही सुरक्षित नसतं. ओरडून उपयोग नाही, ती रीतच आहे. लोक लाकडं लपवायचे. अप्पा पाचोळ्यावर पहारा करायचे. एका वर्षी ते टोळकं अंगणात घुसलंच. वाळका पाला, एका काडीत पेटणारा, त्यांना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. अप्पा आडवे उभे राहिले, मग एकदम आत गेले आणि स्वतःची आरामखुर्ची उचलून घेऊन आले. "ही घ्या. सागवानी आहे. पान हलवायचं नाही." पोरं खुर्ची डोक्यावर घेऊन नाचत गेली. अक्का कपाळाला हात लावून दारात उभ्या होत्या. "अगं पोरी, पाठ टेकायची खुर्ची दिली आणि केर राखला! काय म्हणावं या माणसाला?"

मी हसले, पण माझं कुतूहल चाळवलं होतं. एवढं काय असतं त्या पाल्यात? मला असल्या गोष्टींचा छंदच होता. कुणी नको म्हटलं की आधी बघायचंच. वाफ्याच्या कडेला एरंडाच्या वाळक्या काड्या उभ्या होत्या, पोकळ, काळ्या पडलेल्या. मला आपलं वाटलं, पाडव्याआधी साफ करून टाकाव्यात. कोयता घेतला मात्र, अप्पा धावत आले.

"थांबा, थांबा! आत माणसं आहेत."

"कसली माणसं?"

त्यांनी मला खाली बसवून एका काडीचं तोंड दाखवलं. भोक चिखलानं बुजवलेलं. जरा पलीकडच्या काडीचं मात्र उघडं होतं आणि तिच्यातून एक बारीकशी माशी डोकं बाहेर काढून आमच्याकडं बघत होती. अगदी दारात उभं राहून कोण आलंय ते बघावं तशी.

"भाडेकरू आहेत," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या आधीपासूनचे. भोपळ्याच्या फुलावर हेच कामाला जातात. आणि साबण लावत नाहीत."

दुसऱ्या एका वर्षी माझ्या चवळीवर मावा पडला. शेंडे काळे मिचकुट्ट. मी रॉकेल शिंपडायला निघाले. अप्पा म्हणाले, "फिर्याद दाखल झाली आहे. फौजदार वाटेत असतील." मी मनात म्हटलं, म्हातारा पुरता कामातून गेला. पण दोन-चार दिवस थांबले, आणि खरंच लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे छोटे किडे आले आणि बसून मावा खायला लागले. मी चवळीपुढं फतकल मारून बघत राहिले. काय शिस्तीत खात होते! चुलीवरचा भात करपला, हे शाळेतून आले, तरी मी तिथंच. ह्यांनी विचारलं, "जेवायला काय?" मी म्हटलं, "गप बसा हो, फौजदार जेवताहेत." त्या दिवसापासून ह्यांना दोन खुळ्यांच्या शेजारात राहिल्यासारखं वाटायला लागलं असणार.

तर असं ते आवार. बागेची वसंतातली तयारी सगळं धारवाड पाडव्याच्या आधीच उरकायचं. खणाखणी, वाफे, खत. अप्पांच्या बागेत मात्र जमीन उठल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. थंडीत ती झोपते, तिच्या अंगावरच्या पाल्यात बेडूक, गोमा, कोळी, माश्या, सगळं गणगोत झोपतं. ती ऊबदार झाली, उठली, की मग पाला हलकेच सरकवून झाडांच्या आळ्यांत घालायचा. हे त्यांचं शास्त्र. आणि ती उठली का हे ठरवायची रीत अशी, की पहाटे अंगणातला थोडा पाला बाजूला करायचा, मातीवर आडवं व्हायचं आणि गाल टेकायचा. पांढऱ्या मिशांचा उंचापुरा माणूस अंगणात पालथा पडलेला बघून पहिल्या दिवशी मी किंचाळलेच होते. ते उठायचे, गालाची माती झाडायचे आणि सांगायचे, "गार आहे. झोपलीय अजून."

फाल्गुन सरायचा, चैत्र सरायचा, वैशाखात रस्त्यावर पाय भाजायचे, तरी अप्पांची जमीन गारच. ती उठायची थेट आखाडात.

आणि इथंच अक्कांचं अडलं होतं.

अक्कांना चैत्रांगण काढायचं होतं. चैत्रात तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते, तेव्हापासून अंगणात सडा-सारवण करून ती रांगोळी काढायची, सूर्य, चंद्र, गुढी, तुळस, शंख, हत्ती, नाग, सगळा संसार. लग्नानंतरची पहिली वर्षं कलघटगीला सासरी त्यांनी ती काढली. मग बदल्या सुरू झाल्या. कुठं दगडी फरशीची सरकारी घरं, कुठं चार बिऱ्हाडांत एक अंगण. 'आपलं घर होईल तेव्हा काढू,' असं म्हणत केस पांढरे झाले. घर बांधायला काढलं तेव्हा स्वयंपाकघर किती मोठं हे त्यांनी विचारलं नव्हतं, अंगण किती मोठं हे विचारलं होतं. अंगण झालं, ऐसपैस झालं, आणि अप्पांनी ते पाल्यानं भरून टाकलं.

हळदीकुंकवाला बायका यायच्या त्या निऱ्या उचलून, पाल्यातून चुर्रचुर्र करत. कुणीतरी हटकून म्हणायचीच, "अक्का, केरसुणी पाठवून देऊ का आमची?" अक्का त्यांच्याबरोबर हसायच्या. मग आत येऊन आंब्याची डाळ अशी वाटायच्या, की पाट्याची मला दया यायची.

"अक्का, एकदा ठणकावून सांगा की त्यांना!" मी म्हणायची.

"सांगितलं नाही होय? ते नाही म्हणत नाहीत गं. 'ती उठू दे' म्हणतात. भांडणार कशी?"

मग एका वर्षी अक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. सुईत दोरा मीच ओवून द्यायची. एक दिवस तांदूळ निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "या चैत्रात नाही झालं तर मग नाहीच. पुढल्या वर्षी रेघ कुठं पडली हे मला दिसायचं नाही." मला भडभडून आलं, आणि अप्पांचा असा राग आला म्हणता! अप्पा कुणाच्या मुंजीला अळणावरला जाणार होते. मी म्हटलं, "ते गेले की आपण दोघी मिळून झाडून टाकू. यायच्या आत सारवूनसुद्धा होईल."

अक्का एकदम ताठ झाल्या. "चोरून? माझ्याच अंगणात?"

मी तांदळाचं सूप पुढं ओढलं आणि खडे वेचायला लागले.

पाडवा झाला. गुढी पाल्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आडावर पाणी शेंदत होते. अप्पा नेहमीप्रमाणं अंगणात पालथे पडलेले. तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. न्हाऊन आलेल्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळी ठसठशीत कुंकू. पायरी उतरल्या, काष्टा नीट केला आणि अप्पांच्या शेजारी, पाल्यात, सरळ आडव्या झाल्या!

माझा पोहरा हातातून सुटला तो धप्पकन आडात. दूध घालणारा गवळी फाटकात चरवी धरून उभा राहिला. अप्पांनी डोळे उघडले ते बायकोचं तोंड समोर.

"अगं! हे काय?"

"बघते तुमची ती खरंच झोपलीय का." अक्कांनी गाल मातीला टेकवला. डोळे मिटले. अगदी लक्ष देऊन. "गार आहे."

"मग!" अप्पांना हायसं वाटलं.

"गारच असणार!" अक्का तशाच पडल्या पडल्या म्हणाल्या. "एवढं वीतभर पांघरूण घालून निजवलीय. रस्त्यावर जाऊन बघा, माती तव्यासारखी तापायला लागलीय. ती गार आहे म्हणून तुम्ही पाला काढत नाही, आणि पाला काढत नाही म्हणून ती गार आहे. उठणार कशी बिचारी? मी सून म्हणून आले तेव्हा तुमच्या आईसुद्धा आधी पांघरूण ओढायच्या आणि मग हाक मारायच्या. सांगा, हे तुमच्या कोर्टात चाललं असतं?"

अप्पा उताणे झाले आणि आभाळाकडं बघत राहिले. मला हसू येत होतं आणि धाकधूकही होती, कारण या उत्तरावर अक्कांचं सगळं अवलंबून होतं आणि ते त्यांनाही कळत होतं. जन्मभर दोन्हीकडचे युक्तिवाद ऐकत आलेला माणूस. शेवटी अप्पा म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

मग मान वळवून जमिनीला म्हणाले, "तप्पायतव्वा." चुकलं बाई.

गवळ्यानं घाबरत घाबरत विचारलं, "अप्पा, अक्कांना चक्कर आली काय?"

"नाही रे," अप्पा उठत म्हणाले. "निकाल लागला."

पण केरसुणी? ती त्यांनी लावू दिली नाही ती नाहीच. पाला हातानं काढायचा, एकेक थर, आणि एक थर निघाला की थांबायचं, खालच्या मंडळींना चालतं होऊ द्यायचं. "अहो, तृतीया उद्यावर आली!" अक्का दारातून ओरडायच्या. मी पदर खोचून अप्पांबरोबर बसले. काय काय बघितलं त्या दिवशी! वर कोरडा खडखडीत पाला, खाली ओला, त्याखाली पांढरे तंतू, आणि सगळ्यात खाली पान कुठलं आणि माती कुठली हे कळेना, दोन्ही एकच झालेलं. वास असा, की नाक काढू नये. गोमा वळवळत गेल्या, बेडकाची पिल्लं उड्या मारत अबोलीत शिरली. आम्ही तो पाला पाट्या भरभरून वांग्याच्या, मोगऱ्याच्या, पेरूच्या आळ्यांत नेऊन पसरला. एका कोपऱ्यात सरड्याची अंडी निघाली. अप्पांनी घाईघाईनं त्यावर पुन्हा पाला घातला आणि अपराध्यासारखे अक्कांकडं बघायला लागले.

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "तेवढा कोपरा त्यांचा."

तृतीयेला अंगण शेणानं सारवून लखलखीत झालं. अक्का रांगोळीची वाटी घेऊन बसल्या. डोळे बारीक करून सूर्य काढला, शेजारी चंद्र काढला. आणि हात थांबला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "चंद्रानंतर काय गं?"

"आमच्याकडं स्वस्तिक काढतात, मग..."

"तुमच्याकडचं नको. माझं." त्यांनी वाटी खाली ठेवली. "माझं कसं होतं ते आठवेना गं मला." रांगोळीचेच हात त्यांनी डोळ्यांना लावले आणि गालांवर पांढरं फासलं गेलं. इतकी वर्षं थांबून, अंगण मिळवून, आणि आता हे. अप्पा ओट्यावर बसून सुपात भेंडीचं बी निवडत होते. त्यांच्याकडं मी रागानंच बघितलं.

सुपातून मान वर न काढता अप्पा म्हणाले, "चंद्राखाली गुढी. गुढीच्या डावीकडं तुळस. तुळशीला दोन पायऱ्या."

अक्कांनी मान वळवली.

"मग शंख. तो तू उलटा काढायचीस. शंखाखाली गाईची पावलं, आणि नाग अगदी कडेला, एकटा."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"कलघटगीच्या घरी मी कचेरीला निघायचो तेव्हा तू उंबऱ्यापुढंच काढत बसलेली असायचीस. ओलांडून जाणार कसं? उभा राहायचो."

"रोज?"

"रोज. उशीर व्हायचा. साहेब बोलायचे." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुळशीखाली कासव. पहिल्या दिवशी त्याला पाच पाय झाले होते."

"काहीतरीच तुमचं! शेपूट असेल ती."

"शेपूट निराळी होती."

अक्का पुन्हा रांगोळीकडं वळल्या. त्यांनी गुढी काढली, तुळस काढली, पायऱ्या काढल्या. शंख उलटा काढला. मग कासव. पाठ, मान, शेपूट, चार पाय. तिथं जरा थांबल्या, नवऱ्याकडं पाठ करूनच. मग चिमटीत रांगोळी घेतली आणि कासवाला आणखी एक पाय काढला.

"हां," ओट्यावरून अप्पा म्हणाले. "हेच."